चाकाखालचा दगड

ती घटना आजही डोक्यात ताजी आहे. खरं सांगायचं तर घटनेपेक्षा त्या घटनेत मी दाखवलेला शहाणपणा जास्त ताजा आहे. पोलीस खात्यात आयुष्य गेलं. चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, देवळाच्या दानपेटीत हात अडकून बसलेला एक भक्तही पाहिला. पण नातवंडं "आजी, पोलिसातलं सांग" म्हणून मागे लागली की मी हीच केस सांगते. हिच्यात सगळ्यांत मोठी मूर्ख आजीच आहे आणि मुलांना नेमकं तेच आवडतं.

तेव्हा मी मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. वय बावन्न. खांद्यावर तीन तारे आणि डोक्यात त्याहून जास्त. ड्रायव्हिंग मी ठाण्याच्या जीपवर शिकले होते. त्यामुळे गाडी या विषयातलं जगातलं सगळं ज्ञान आपल्याजवळ आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास ठाणे अंमलदारांकडे फोन आला. कासारसाई धरणाच्या रस्त्यावर एका गाडीने कणीस विकणाऱ्या बाईला उडवलं होतं. मी जीप घेऊन पोचले तेव्हा मावशींना दवाखान्यात हलवलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. शेगडी उलटली होती, निखारे अजून धुमसत होते आणि कणसं रस्त्याच्या कडेला विखुरली होती. गाडी पळून गेली होती. दोन-चार जणांनी लांबून पाहिलं, पण सगळ्यांचं सांगणं एकच: पांढरी छोटी गाडी, नंबर प्लेटला चिखल फासलेला, चालवणाऱ्याच्या तोंडाला रुमाल, आणि धूर. लई धूर.

रस्त्यावर पाण्याचा ओला डाग होता आणि त्यात रबराचे दोन काळेभोर, आखूड पट्टे. काय घडलं ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्या दिवसांत तरण्या पोरांना एक खूळ लागलं होतं. गाडी जागच्या जागी उभी ठेवायची, चाकं नुसती गरगर फिरवायची, टायर जाळून धूर काढायचा आणि त्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकायचा. त्याला ही मुलं बर्नआउट म्हणतात. गाडी बापाची, टायर बापाचे, जळतं तेही बापाचंच.

मी पंच बोलावले, पट्टे मोजले, पंचनामा केला. काळ्या पट्ट्यांच्या मागे, गाडीभर अंतरावर, धुळीत दोन पुसट रेघा होत्या. त्याही लिहून घेतल्या. त्यांचा अर्थ काय, हे मात्र स्वतःला विचारलं नाही. पंचनाम्यात लिहिलं म्हणजे काम झालं, असं समजणारे अधिकारी असतात. मी त्यांची पुढारी होते.

दवाखान्यात मावशी वेदनेने कळवळत होत्या. मी तीन प्रश्न विचारले. नंबर दिसला का, माणूस ओळखाल का, रंग कोणता. तीन उत्तरं लिहिली, जबाबावर अंगठा घेतला, आसपासच्या गॅरेजांत विचारायला शिपाई धाडले आणि निघाले.

सोमवारी सकाळी बीट अंमलदार धावत आले. "मॅडम, मारुंजीतनं खबर हाय. भाडेकरू हाय एक, आयटीवाला. पांढरी गाडी. मागचे टायर पार गुळगुळीत झाल्यात म्हनं."

"खबर कोणाची?"

"घरमालकाचीच की. सोताहून फोन क्येला त्यांनी."

मला भरून आलं. नागरिक स्वतःहून पोलिसांना सहकार्य करतात, असा प्रसंग नोकरीत फार वेळा येत नाही. आता कळतं, असा प्रसंग आला की आधी सहकार्य करणाऱ्याकडे नीट बघून घ्यावं.

घर उतारावर होतं. खाली मालक, वर भाड्याच्या आठ खोल्या, समोर गाड्यांची रांग. मालक हात जोडून दारातच उभे. जीपमधून उतरून मी तडफेने चालत निघाले आणि बुटाला ठेच लागली. मालकाच्या घरची गाडी तिथेच उभी होती. तीही पांढरीच. तिच्या मागच्या चाकाखाली नारळाएवढा दगड लावलेला होता.

"हा दगड रस्त्यात कोणी टाकला?" मी करवादले.

"उतार हाय मॅडम, गाडी सरकती. बसा, चा घ्या," मालक म्हणाले.

मी त्या गाडीच्याही मागच्या टायरांवर नजर टाकली. नक्षी शाबूत, अगदी कोरे करकरीत. मनातल्या मनात मालकाला शाबासकी दिली. मग भाडेकरूच्या गाडीमागे वाकले. मागचे दोन्ही टायर तळहातासारखे गुळगुळीत! चला, आरोपी सापडला. चहासुद्धा गोड लागला.

भाडेकरू सत्तावीस वर्षांचा, यवतमाळकडचा. चष्मा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायात स्लिपर. ठाण्यात आणल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. त्याची फाइल माझ्याच टेबलावर, काचेच्या गोळ्याखाली पडून होती. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती. त्यासाठी पोलीस पडताळणीचा अहवाल हवा होता आणि तो शुक्रवारपर्यंत कंपनीच्या हाती पडला नाही तर त्याच्या जागी दुसरा माणूस जाणार होता.

"काल दुपारी चार वाजता कुठे होतास?"

"रूमवर झोपलो होतो मॅडम. शनिवारी रात्रपाळी होती."

"साक्षीदार?"

"एकटाच असतो."

"म्हणजे उशी साक्षीदार," मी म्हणाले आणि जबाब लिहून घेणारा रायटर हसला. तेव्हाच्या मला असे विनोद फार जमायचे. समोरच्याला हसता येत नसलं की विनोद सोपा होतो.

"टायर कसे झिजले?"

तो खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, ते जुनेच आहेत. दोन नवीन टायर घेतले ते पुढं लावले आणि पुढचे झिजलेले मागं टाकले. गाडी पुढच्या चाकांवर ओढते ना. बर्नआउट मारला असता तर पुढचे टायर जळाले असते. तुम्ही पुढचे बघा, नवे आहेत."

आता हे वाक्य त्याने पहिल्या दहा मिनिटांत, स्पष्ट मराठीत सांगितलं होतं. केस तिथेच सुटायला हवी होती. पण ऐकणारी मी होते.

"मला गाडी शिकवतोस? वीस वर्षं जीप चालवतेय. जोर मागच्या चाकांना असतो. पुढची चाकं वळायला असतात."

"तुमच्या जीपमध्ये असतो मॅडम. छोट्या गाड्यांमध्ये..."

"गप्प बस!"

तो खुर्चीत मागे टेकला. मग त्याचा आवाज एकदम घरचा, वऱ्हाडी झाला. "मी कायले खोटं बोलू, मॅडम? बाबांनी सगळ्या गावाले सांगून ठेवलंय, पोरगा जर्मनीले चालला म्हणून."

मी त्याची गाडी ताब्यात घेतली, मोबाईल ठेवून घेतला, रोज सकाळी हजेरीला यायला सांगितलं. आणि त्याच्या फाइलवर ठसठशीत अक्षरांत शेरा मारला: 'चौकशी प्रलंबित.' या दोन शब्दांनी माणसाचं काय होतं, ते लिहिणाऱ्याला कधी दिसत नाही.

पुस्तकात म्हणतात, खोटारडा माणूस जास्त बोलतो. माझा अनुभव उलटा आहे. निर्दोष माणूस जास्त बोलतो, कारण समजावून सांगितलं की समोरच्याला पटेल, अशी त्याची भाबडी समजूत असते. ही समजूत ठाण्यात दोन दिवसांत मोडते. बुधवारी सकाळी तो मुलगा हजेरीला आला तेव्हा काहीच बोलला नाही. सही केली आणि जाताना एवढंच म्हणाला, "मालकानं रूम खाली करायला सांगितलीय."

ते गप्प बसणं मला खुपलं. मी तशीच उठले आणि दवाखाना गाठला.

मावशी पाय टांगून बसल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला कणीस भाजायची रीत शिकवत होत्या. मी म्हटलं, "मावशी, पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

"बसा की मग," त्या म्हणाल्या. "ती गाडी आली. त्या बाबानं उतरून बाटलीतलं पानी म्होरच्या चाकांखाली वतलं. मी म्हनलं, आरं, टायरला तान लागली व्हय? तो काय बोलला न्हाई. आत बसला आन् गाडी लई कोकलाया लागली. मागली चाकं खिळल्यावानी उभी. म्होरची गरागरा. धूर असा म्होरनं, माझ्या डोळ्यांत. मग खाडकन् कायतरी तुटल्यावानी झालं आन् गाडी उडी मारूनच माझ्याकडं आली."

मी पेन खाली ठेवलं. "धूर पुढच्या चाकातून आला?"

"व्हय."

"मग हे रविवारी का नाही सांगितलंत?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की बावन्न वर्षांची मी बालवाडीत जाऊन बसले. "तुमी इचारलंच न्हाई, बाई. तुमी रंग इचारला."

परतताना वाटेवरच्या चांदे गावातल्या एका जुन्या गॅरेजवाल्या मेस्त्रीला जीपमध्येच बसवून आणलं. भाडेकरूची गाडी मुद्देमाल, तिला हात लावता येत नव्हता. म्हणून ठाण्याच्या मागच्या आवारात माझीच गाडी उभी केली. आमच्या ह्यांनी हौसेने घेतलेली, चढावर एसी बंद करावा लागायचा अशी.

"मेस्त्री, हिचा धूर काढून दाखवा."

मेस्त्री दचकले. "तुमच्याच गाडीचा, मॅडम?"

"माझ्याच. आणि चालवणार मी."

मेस्त्रींनी डोकं खाजवलं आणि शिकवणी सुरू केली. "हिच्यात जोर न्हाई, मॅडम. जोर नसला की युक्ती लागती. हँडब्रेक वढा, गच्च. तो फकस्त मागली चाकं धरतो. म्हंजी गाडी जागेवर. आता म्होरची चाकं मोकळी, आन् इंजिन फिरवतंय ती म्होरचीच. जीपला ही युक्ती चालायची न्हाई, तितं हँडब्रेक नेमकी फिरायची चाकंच धरून ठेवतो."

मी मान डोलावली, जणू मला हे लहानपणापासून माहीत होतं.

पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, क्लच हळूच सोडला. गाडी एकदा थरथरली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा बंद. चौथ्या वेळी क्लचचा जळका वास आला आणि खिडकीतून दोन शिपायांची डोकी बाहेर आली.

"हळू सोडू नका," मेस्त्री म्हणाले. "कोरड्या रस्त्यावर टायर धरून ऱ्हातो, बारकं इंजिन त्याला हलवू शकत न्हाई, मरतं. म्हनून पानी. एकदा निसटलं की मग फिरतच ऱ्हातं, पानी वाळतं आन् रबर जळाया लागतं." त्यांनी पुढच्या चाकांखाली बादली ओतली. "आता इंजिन लई वरडू द्या आन् क्लचवरनं पाय एकदम काढा. साप दिसल्यावानी."

मी साप दिसल्यासारखा पाय काढला.

पुढची चाकं किंचाळली. आधी वाफ, मग पांढरा धूर, मग रबराचा तो खरपूस घाण वास. गाडी जागेवरच! माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहीत नाही, पण ती आनंदाची आरोळी होती. त्या क्षणी मला त्या पोरांचं खूळ थोडं कळलं, हेही कबूल करते. एवढीशी गाडी, आणि केवढा रुबाब!

तो रुबाब पाच सेकंद टिकला. माझा हँडब्रेक जुना. तो घसरला आणि गाडी उडी मारून निरीक्षक साहेबांच्या क्रोटनच्या रांगेत घुसली. तीन कुंड्या जागीच ठार.

साहेब व्हरांड्यात आले. धूर पाहिला, कुंड्या पाहिल्या, मला पाहिलं. "पंचनामा कोण करणार?" एवढंच विचारून आत गेले.

पण मी कुंड्यांकडे बघतच नव्हते. जमिनीवर पुढे दोन काळे पट्टे होते. आणि मागे, गाडीभर अंतरावर, धुळीत दोन पुसट रेघा. मागची धरून ठेवलेली चाकं किंचित घासली होती, त्यांच्या. धरणाच्या रस्त्यावर मीच मोजल्या होत्या, त्याच रेघा.

"मेस्त्री, गाडी उडी मारताना खाडकन् आवाज झाला असेल तर?"

"हँडब्रेकची तार तुटली. तार तुटल्याबिगर असा खाडकन् आवाज येतच न्हाई."

"आणि तार तुटलेली गाडी उतारावर कशी उभी करतात?"

मेस्त्रींना हा प्रश्न फारच बाळबोध वाटला. "चाकाखाली दगुड लावून, मॅडम."

माझ्या उजव्या पायाचा अंगठा दुखायला लागला. सोमवारी ठेच लागलेला.

गुरुवारी सकाळी मी पंच आणि मेस्त्री यांना घेऊन मारुंजीला गेले. दगड जागेवर होता. या वेळी मी गाडीच्या पुढच्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसले. पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी गेली होती आणि रबराला जळल्याचे काळे फोड आले होते. सोमवारी चार पावलं जास्त टाकली असती तर तेव्हाच दिसले असते.

मालकाचा मुलगा बाहेर आला. तिशीला टेकलेला, गळ्यात जाड साखळी, लग्न झालेला बाप्या. मी चौकशी केली नाही, आवाजही चढवला नाही. म्हटलं, "जरा आत बस आणि हँडब्रेक ओढून दाखव."

"कशाला, मॅडम? दगड हाय की."

"म्हणूनच."

त्याने ओढला. दांडा काहीही न अडता सरळ वर आला आणि हात काढताच खाली पडला. मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा. तो माझ्याकडे बघेना.

"नवी तार का नाही टाकलीस?"

त्याने दांडा उगाच आणखी एकदा वर ओढला. मग तो पुटपुटला, "तुमची मानसं सगळ्या गॅरेजांत इचारत हुती."

मालक मधे आले. हात अजून जोडलेलेच, पण आवाज वेगळा. "मॅडम, चूक झाली पोराची. मी मावशीचा दवाखाना बगतो. पन गुन्हा हाय तितंच ऱ्हाऊ द्या. आमी हितं पिढ्यान्पिढ्या हाय. भाडेकरूचं काय, आज हाय, उद्या न्हाई."

वर जिन्यात तो यवतमाळचा मुलगा उभा होता. हातात बांधलेली वळकटी. त्याने हे ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की मालक जे तोंडाने बोलले, तेच मी सोमवारी फाइलवर लिहिलं होतं. फक्त माझी भाषा सरकारी होती.

मालकाच्या मुलाला ताब्यात घेतलं. निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत करणे, जखमीला मदत न करता पळून जाणे, सगळी कलमं लावली. खोटी खबर देऊन तपासाची दिशा बदलल्याबद्दल मालकांवर स्वतंत्र कारवाईचा अहवाल पाठवला. पुढे कोर्टात मुलाने गुन्हा कबूल केला.

दुपारी ठाण्यात स्टेशन डायरी पुढे ओढली. ठाण्यात घडलेली प्रत्येक गोष्ट त्या डायरीत लिहायची असते आणि लिहिलेलं खोडता येत नाही. मी लिहिलं: 'संशयित इसमाचा गुन्ह्याशी संबंध नाही. त्याने पहिल्याच दिवशी गाडीची खरी रचना सांगितली होती. तपासी अंमलदाराचा त्याबाबतचा समज चुकीचा होता.' खाली सही, हुद्दा.

साहेबांनी वाचून भुवया उंचावल्या. "पहिली ओळ पुरे होती. बाकीचं डायरीत कशाला?"

"सर, चूक मी लिहून केली होती. मग दुरुस्तीही लिहूनच हवी ना?"

साहेबांनी पेनाचं टोपण फिरवलं. मग म्हणाले, "आणि कुंड्यांचं?"

"तेही लिहिलंय, सर. पुढच्या पानावर."

शुक्रवारी सकाळी मी भाडेकरूचा पडताळणीचा अहवाल स्वतः आयुक्तालयात नेला, दुपारपर्यंत पुढे सरकवला आणि संध्याकाळच्या आत त्याच्या कंपनीत तो पोचल्याचा फोन आला. मग मारुंजीला गेले. मुलगा एका मित्राच्या खोलीत, बांधलेल्या सामानावर बसला होता. मी त्याला मोबाईल आणि गाडीची किल्ली दिली आणि डायरीतल्या नोंदीची नक्कल पुढे धरली. तोंडाने माफी मागायची मला सवय नव्हती, म्हणून कागद पुढे केला.

त्याने दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाला, "मॅडम, बाबांना फोन लावू का? तुम्हीच सांगा त्यांना."

मी सांगितलं. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "म्याडम, तुम्ही जेवल्या का?" तीस वर्षांच्या नोकरीत असा घाव कोणी घातला नव्हता.

या केसने मला काय शिकवलं? मोठमोठं काही नाही. प्रश्न विचारला की उत्तर संपेपर्यंत थांबावं. गाडीभोवती पूर्ण फेरी मारावी. आणि ज्या विषयातलं आपल्याला सगळं कळतं असं वाटतं, त्या विषयात दुसऱ्याला आधी बोलू द्यावं. हे तिन्ही मला शाळेत शिकवलं होतं. मी विसरले होते, कारण मध्ये खांद्यावर तारे आले.

मावशी बऱ्या झाल्या. त्या अजून धरणाच्या रस्त्यावर बसतात, पण आता शेगडीपुढे चार मोठे धोंडे मांडून. गेल्या हिवाळ्यात मी तिथे कणीस खात असताना एक निळी, नवी कोरी गाडी आवाज न करता येऊन थांबली. चष्मेवाला उतरला. केस विरळ झालेले, सोबत बायको आणि कडेवर मुलगी. "ओळखलंत का, मॅडम?"

मी उठून उभी राहिले. "जर्मनी!"

"परत आलो. ही इलेक्ट्रिक घेतली. कशी आहे?"

तेव्हाची मी असते तर लगेच मत दिलं असतं. मी कणीस मावशींच्या हातात दिलं, पदर खोचला, गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, वाकून चारही टायर पाहिले आणि मग विचारलं, "बाळा, हिला ओढतात कुठली चाकं?"

तो इतका हसला की कडेवरची मुलगी दचकली.

"मागची, मॅडम," तो म्हणाला. "या वेळी मागचीच."

"म्हंजी म्होरनं धूर न्हाई यायचा. सुटला हो जीव," मावशी म्हणाल्या आणि माझं अर्धं कणीस त्या पोरीच्या हातात दिलं.